तीन कोटेशनं: आपले पैसे कामाच्या किती पुढे?

घरात काम काढायचं ठरलं की तीन ठिकाणांहून कोटेशन मागवा, असं जो तो सांगतो. कोटेशनं आली की नजर थेट तळाच्या बेरजेवर जाते आणि पाच-दहा हजारांची घासाघीस सुरू होते. कुठल्या टप्प्याला किती पैसे द्यायचे, त्या चार ओळी मात्र कोणी नीट वाचत नाही. काम रखडतं ते बहुतेक वेळा त्या ओळींपाशीच.

उदाहरणाला पुण्यातला वीसेक वर्षं जुना टू बीएचके घेऊ. स्वयंपाकघराचा ओटा आहे तोच ठेवून खाली-वर नवी कपाटं आणि ट्रॉल्या, शिवाय एक बाथरूम पूर्ण तोडून नव्यानं करायचं. तिन्ही कोटेशनं ४ लाखांचीच धरू, म्हणजे फरक फक्त पैसे देण्याच्या वेळेचा राहील.

पहिलं कोटेशन मॉड्युलर किचन करणाऱ्या कंपनीचं: बुकिंगला १० टक्के, कारखान्यात माल कापायला घेण्याआधी ५० टक्के, माल गाडीत चढण्याआधी ४० टक्के. दुसरं ओळखीतून आलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं: ४० टक्के अॅडव्हान्स, तोडफोड-प्लंबिंगनंतर ३०, सुतारकाम झाल्यावर २०, काम ताब्यात देताना १०. तिसरं मिस्त्रीचं, नुसत्या मजुरीचं: १ लाख ६० हजार मजुरी आणि अंदाजे २ लाख ४० हजारांचं सामान तुम्ही आणायचं.

| | कंपनी | कॉन्ट्रॅक्टर | मिस्त्री |
|---|---|---|---|
| हो म्हणताना | ४०,००० | १,६०,००० | २०,००० उचल |
| कपाटं बसायला सुरुवात होण्याआधी | ४,००,००० | २,८०,००० | झालेल्या कामाइतके |
| काम संपताना तुमच्या हातात | काही नाही | ४०,००० | मजुरीतले २५-३० हजार |

कंपनीची सुरुवात सौम्य वाटते, पण पहिला स्क्रू पिळला जाण्याआधी तुमचे सगळे पैसे गेलेले असतात. शटर तिरकं बसलं, ट्रॉली अडखळली, तर तक्रार कस्टमर केअरला करायची आणि तिकीट नंबर जपून ठेवायचा. कंपनीची बाजूही चुकीची नाही. तुमच्या मापानं कापलेला प्लाय दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात बसत नाही. म्हणून नुसती कपाटं करायची असतील आणि शोरूम चार-पाच वर्षं जागेवर असेल, तर हे कोटेशन वाईट नाही. फक्त ४० टक्क्यांचे ३० आणि १० असे दोन तुकडे मागा आणि १० टक्के फिटिंगनंतर देऊ म्हणा. ‘सिस्टीममध्ये बदल होत नाही’ असं सेल्सवाला सांगेलच. महिनाअखेरीला, टार्गेट बाकी असताना, तीच सिस्टीम बऱ्याचदा वाकते. ‘सुलभ हप्त्यां’ना मात्र जपून. त्यात कर्ज देणारी संस्था कंपनीला पैसे देऊन मोकळी होते, आणि काम अर्धं असलं तरी तुमचा हप्ता चालू राहतो.

बाथरूम याच कंपनीला देणं मला पटत नाही. तोडकाम, पाइप, वॉटरप्रूफिंग ही कामं ती बाहेरच्या माणसांकडूनच करून घेते. पैसे शंभर टक्के आधी द्यायचे आणि गळती निघाली की दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं, हा सौदा कशाला?

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन सगळ्यात बारकाईनं वाचायचं, कारण बदलायला सगळ्यात जास्त वाव तिथं आहे. ४० टक्के अॅडव्हान्स ऐकायला रूढ वाटतो, पण तोडफोड करून राडारोडा खाली नेण्याला १ लाख ६० हजार लागत नाहीत. मग ते पैसे जातात कुठं? काही टाइल्सच्या आणि प्लायच्या दुकानात, कारण छोट्या कॉन्ट्रॅक्टरला उधारी मिळतेच असं नाही. आणि गणपती-दिवाळीच्या आधी तीन-चार साइट एकदम चालू असतील, तर काही पैसे आधीच्या साइटवरच्या मजुरांच्या पगाराला. एकाची टोपी दुसऱ्याला. तुमच्या कामावर माणसं येत नाहीत तेव्हा ती तुमच्याच पैशानं दुसरीकडे कुणाची तरी फरशी बसवत असण्याची शक्यता बरीच.

त्याचीही एक बाजू आहे. शेवटचे १० टक्के बरेच कॉन्ट्रॅक्टर बुडीतच धरतात. ‘ग्राउटिंगचा रंग जरा वेगळा आलाय’ म्हणून ४० हजार महिनोन्‌महिने अडवणारी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिलेली असतात, म्हणून सुरुवातीलाच जास्त ओढून घेतात. तुम्ही अॅडव्हान्स कमी करायला सांगणार असाल, तर ठरलेल्या टप्प्याचे पैसे त्याच दिवशी द्यायची तयारी हवी.

आता टप्प्यांची भाषा. ‘तोडफोड-प्लंबिंगनंतर’ म्हणजे नक्की कधी? पाइप भिंतीत टाकले तेव्हा, की तपासले तेव्हा? बाथरूमच्या कामात पैसे खरे अडकवायचे ते इथं. पाइप भिंतीत गेले की भिंत बुजवण्याआधी हातानं चालवायच्या छोट्या पंपानं त्यात पाण्याचा दाब भरून ठेवतात. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली आला, तर कुठला तरी जोड गळतोय. मग वॉटरप्रूफिंगचे थर होतात. ते वाळले की पाणी जायच्या जाळीचं तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी साठवायचं, पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायची आणि किमान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच ठेवायचं. थोडं पाणी हवेनं कमी होणारच. रेघेच्या फार खाली गेलं किंवा खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली, तर थर पुन्हा. हे सगळं टाइल्स बसायच्या आधी. टाइल्स बसल्यावर गळती सापडली, तर तोडफोडीपासून परत सुरुवात.

हप्ता लिहायचा तो ‘दाबाची आणि पाणी साठवण्याची तपासणी झाल्यावर’ असा. ‘टाइल्सचं काम सुरू होताना २५ टक्के’ अशी ओळ दिसली तर ‘सुरू’ खोडून ‘पूर्ण’ करायला सांगा. सुरू करायला एक माणूस आणि सिमेंटची एक गोणी पुरते.

उशिराचा दंड कोटेशनमध्ये क्वचितच असतो. घालून घ्यायला हरकत नाही, पण वसूल करायला भांडावं लागतं, आणि करारातल्या दंडाच्या आकड्यापर्यंतच, वाजवी वाटेल तेवढी भरपाई मिळते. त्यापेक्षा न दिलेले ४० हजार जास्त काम करून घेतात. जास्तीच्या कामाचंही तेच: ‘साहेब, हे कोटेशनमध्ये नव्हतं’ हे वाक्य येणार हे धरूनच चाला. काम आणि दर व्हॉट्सअॅपवर आल्याशिवाय होकार देऊ नका.

तळाशी ‘जीएसटी वेगळा’ लिहिलेलं असेल तर ४ लाखांवर १८ टक्क्यांनी ७२ हजार वाढतात. लगेच पुढचा प्रस्ताव येतो, ‘बिल नको असेल तर जीएसटी नाही’. तो घेऊ नका. कॉन्ट्रॅक्टर जीएसटीखाली नोंदणीकृत नसेल तर त्याला जीएसटी आकारताच येत नाही. असेल तर नंबर मागा. नंबर १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का पाहा. कंपोझिशन योजनेतला, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतला असेल, तर बिलावर वेगळा कर लावता येत नाही. रोखीचं म्हणाल, तर एका कामापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं मना आहे आणि दंड घेणाऱ्याला बसतो. तुमच्या दृष्टीनं कारण याहून साधं: उद्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर दिलेले पैसे दाखवावे लागतात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी नाही, मुदत २ वर्षं. यूपीआयनं देताना टिपेत ‘बाथरूम, हप्ता २’ एवढं लिहिलं तरी पुरावा तयार होतो.

मिस्त्रीच्या पद्धतीत तुमचे पैसे कामाच्या पुढे फारसे जातच नाहीत. सामानाचं बिल तुमच्या नावावर, मजुरी दर शनिवारी खर्ची म्हणून, म्हणजे आठवड्याच्या खर्चापुरती, शेवटी मापं घेऊन हिशेब. हिशेबापुरतं बघितलं तर सगळ्यात सुरक्षित हेच. किंमत वेळेची मोजायची. दुपारी तीनला ‘पाइपाचा टी-जोड कमी पडला’ म्हणून फोन येतो आणि तुम्ही ऑफिसात. उचल वाढत गेली की मिस्त्री पेरणीला गावी जातो आणि जाताना हत्यारंही नेतो. खर्ची आठवडाभरात झालेल्या कामाच्या साधारण पाऊणपट ठेवा. उरलेलं साठत गेलं की माणूस परत येतो. घरात कोणी निवृत्त, हिंडतंफिरतं आणि दुकानदाराशी वाद घालायला उत्सुक असेल, तर हा पर्याय उत्तम. दोघं नोकरीला असतील तर नको.

आपल्या उदाहरणातल्या कामाला मी कॉन्ट्रॅक्टर घेईन, पण हप्ते बदलून: करारावर सही करताना ६० हजार, सामान घरात आल्यावर ८० हजार, दोन्ही तपासण्या झाल्यावर १ लाख, टाइल्स आणि कपाटं बसल्यावर १ लाख, पक्क्या बिलासह ताबा घेताना ४० हजार, महिनाभर वापरून झाल्यावर उरलेले २० हजार. ‘एवढ्यात मटेरियल येत नाही’ असं तो म्हणालाच, तर टाइल्सवाल्याचं आणि प्लायवाल्याचं बिल मी थेट भरतो असं सांगा आणि ते सामानाच्या हप्त्यातून वजा करा. त्यालाही तयार नसेल, तर चौथं कोटेशन मागवा.