पीसी झकास, पण 'गेम भरून' दिलेली हार्डडिस्क? नाशिकच्या एका दुकानाचा रिव्ह्यू

पीसी जोडणीला पाचपैकी साडेचार. गेम भरून देण्याच्या, म्हणजे चोरीच्या प्रती टाकून देण्याच्या सेवेला एक, आणि तोही काउंटरवरच्या पोराच्या गोड बोलण्याला.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण जे लिहिणार आहे ते त्या एका दुकानापुरतं नाही. एमजी रोड, कॅनडा कॉर्नर या भागात पीसीची चौकशी करत फिरलात तर दुकान तुम्हाला सापडेलच, आणि नाही सापडलं तर त्याच्यासारखं दुसरं सापडेल.

मुलगा अकरावीत गेला, पीसी कबूल केलेला होता. मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळे दोन-तीन कोटेशनं समोर ठेवल्याशिवाय घरात मिक्सरसुद्धा येत नाही. या दुकानाचा भाव ऑनलाइनपेक्षा हजार-दीड हजारानं जास्त होता. तरी इथेच घेतला, कारण रायझन ५ ५६००, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी आणि २ टीबी हार्डडिस्क हे सगळं त्यांनी आमच्यासमोर बसवलं. वायरी मागून नीट बांधल्या, बायोस अपडेट केलं, अर्धा तास मशिन तापवून तापमान दाखवलं. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर. ज्यांनी कधी ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत द्यायला खेटे घातलेत त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल.

बिलाच्या शेवटी एक ओळ होती: सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन चार्जेस, ५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. हे काय, म्हणून विचारलं तर पोरगा म्हणाला, "ताई, गेम भरून दिलेत ना! हार्डडिस्क फुल्ल आहे. बाहेर याचेच हजार घेतात." आणि लॅमिनेट केलेली यादी पुढे सरकवली. जीटीए ५, रेड डेड २, विचर ३, फिफाच्या दोन-तीन आवृत्त्या, एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन, असं करत चाळिसेक नावं. घरी येऊन मी छापील किमतींची बेरीज करायला बसले आणि लाखाच्या जवळ गेल्यावर सोडून दिली. लाखाचा माल पाचशेत, तोही पक्क्या बिलावर, आणि चोरीच्या मालावर सरकारला ९० रुपये कर. वीस वर्षं व्हाउचरं तपासतेय, अशी नोंद पहिल्यांदा पाहिली.

पैसे गेलेच होते, तर माल तपासून घेऊ म्हटलं. मुलगा आणि मी मिळून यादीला टिका मारत बसलो.

बरेचसे गेम चालू झाले, हे खरं. एकाचा मेनू रशियनमध्ये निघाला आणि भाषा कुठून बदलायची ते रशियन आल्याशिवाय कळणार नव्हतं. एक ठरावीक मिशनला पोचला की बंद पडायचा. एकात सेव्ह केलेलं दुसऱ्या दिवशी गायब. एज ऑफ एम्पायर्सवर माझी भिस्त होती, कारण कॉलेज रोडच्या नेट कॅफेत आमचा जो कंपू १९९९ चा मूळ गेम खेळायचा, तो आता पुणे, बंगळुरू आणि दुबईत पांगलाय आणि शनिवारी रात्री ऑनलाइन भेटतो. भरून दिलेल्या प्रतीत एकट्यानं खेळा, ऑनलाइनचं दार बंद. मग तो गेम घेऊन करायचं काय?

खरी भानगड मात्र सेटिंगमध्ये होती. विंडोज डिफेंडर हा विंडोजचाच अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला, आणि वर डी ड्राइव्ह अख्खाच्या अख्खा तपासणीतून वगळलेला. गेमचं कुलूप फोडणारी फाइल, म्हणजे क्रॅक, अँटिव्हायरस उडवून टाकतो, म्हणून हे करतात. पण त्या मोकळ्या दारातून आणखी कोण आत येतं ते कुणी बघत नाही. अव्हास्ट कंपनीनं २०२१ मध्ये क्रॅकोनॉश नावाचा प्रकार उघड केला होता: जीटीए ५, फार क्राय ५, सिम्स ४ अशा गेमच्या क्रॅक केलेल्या प्रतींतून तो शिरायचा, डिफेंडर काढून टाकायचा आणि मालकाच्या नकळत त्याचं मशिन राबवून मोनेरो हे आभासी चलन कमवत बसायचा. २ लाख २२ हजार कॉम्प्युटर त्यात सापडले होते. आमच्याकडे मशिन नुसतं चालू असताना पंखे का घोंघावतात ते मी शोधत बसले नाही. डिस्क पुसली, विंडोज नव्यानं टाकलं. वीजबिल मी भरते.

पुढच्या वेळी रॅमच्या कामाला गेले तेव्हा मालकांशी बोलले. माणूस सरळ आहे. म्हणाले, "मॅडम, ग्राफिक्स कार्डावर मला काय सुटतं ते तुम्ही ऑनलाइन भाव बघून काढू शकता. गेम भरून नाही दिले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. आणि ओरिजिनल गेम ठेवू कुठे, विकू कुणाला?" शेवटचा प्रश्न बरोबर आहे. आमच्या वेळी नाशिकमध्ये व्हाइस सिटी, आयजीआय, रोड रॅश सगळ्यांनी खेळले. पण खोक्यातून काढून खेळलेला माणूस मला तरी माहीत नाही. पन्नास रुपयांची सीडी आणि काचेमागचं हजार रुपयांचं खोकं यात विद्यार्थी काय उचलणार!

अशाच बाजारात पोलंडमध्ये काय झालं ते त्यांना सांगितलं, कारण मला तो हिशेब फार आवडतो. सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ मध्ये सुरू झाली ती गेम बनवायला नाही, विकायला. आणि तिथे तेव्हा चोरीच्या सीडींचा उघड बाजार भरायचा. त्यांनी १९९९ मध्ये बाल्डर्स गेट पोलिशमध्ये आणला: नावाजलेल्या नटांचे आवाज, खोक्यात नकाशा, पुस्तिका. गेम पाच सीडींचा होता, म्हणजे चोरालाही पाच सीडींचे पैसे लावणं भाग, आणि किमतीतला फरक तिथेच आटला. खोकं तुफान खपलं. त्याच कंपनीनं पुढे विचर काढला, जो आता आपल्या यादीत फुकट आहे. मालक हसले. म्हणाले, "मराठीत कोण काढतंय?"

पायरसीनं या धंद्याचं नुकसान किती, यावर दोन्ही बाजू वाट्टेल ते आकडे फेकतात. युबीसॉफ्टच्या प्रमुखांनी २०१२ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या पीसी गेममध्ये ९३ ते ९५ टक्के खेळणारे फुकटे आहेत. असतील. पण अकाउंट्सवाल्या माणसाला विचारा, फुकट खेळणारा प्रत्येक जण म्हणजे बुडालेली विक्री नव्हे. जो कधी घेणारच नव्हता त्याच्या नावानं येणं दाखवता येत नाही. युरोपीय आयोगानं करवून घेतलेला आणि २०१७ मध्ये बाहेर आलेला एक मोठा अहवालही हेच म्हणतो: नव्या गाजलेल्या चित्रपटांचा अपवाद सोडला, तर चोरीमुळे विक्री घटते याचा भक्कम पुरावा सापडला नाही. हा अहवाल आमच्या चिरंजीवांनी अगदी तोंडपाठ केलाय.

पण त्यांनी दुसरा वाचलेला नाही. डेनुव्हो हे चोरी रोखणारं सॉफ्टवेअरचं कुलूप लावलेल्या ८६ गेमचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटलं तर उत्पन्नात सरासरी २० टक्क्यांची घट; बारा आठवड्यांनंतर फुटलं तर फरक जवळजवळ शून्य. म्हणजे मार पडतो तो पहिल्या आठवड्यांत. मोठी कंपनी तो पुढच्या गेमवर भरून काढते. लहान कंपनीकडे पुढचा गेम असेलच असं नाही.

लहानांचं उदाहरण म्हणजे गेम डेव्ह टायकून, २०१३. दोन भावांची कंपनी, आणि गेमही गेमची कंपनी चालवण्याचाच. त्यांनी स्वतःच एक वेगळी प्रत टोरंटवर सोडली, जिच्यात तुमची खेळातली कंपनी पायरसीमुळे हळूहळू बुडते. पहिल्या दिवसअखेर पैसे देऊन खेळणारे २१४, चोरीची प्रत खेळणारे ३१०४. कहर म्हणजे त्यातलेच काही जण मदत मागत होते: लोक आमचे गेम चोरतात हो, उपाय काय?

आणि आमचा तो ठरावीक मिशनला बंद पडणारा गेम. मुलानं मित्रांना लगेच कळवून टाकलं, "बकवास आहे, क्रॅश होतो." टायटन क्वेस्टचं २००६ मध्ये हेच झालं होतं. चोरीच्या प्रती आतल्या तपासणीला अडखळून बंद पडायच्या, आणि गेमच कच्चा आहे अशी बोंब विकत घेणाऱ्यांपर्यंत पोचली. तो बनवणारी आयर्न लोर २००८ मध्ये बंद झाली. एकट्या त्यामुळे असं मी म्हणणार नाही. पण प्रकाशक कंपनीच्या माणसानं तेव्हा जाहीरपणे ही बदनामी बोलून दाखवली होती.

यादीत 'राजी' पाहिला तेव्हा मात्र मला खरंच राग आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. लोकवर्गणी जमवायचा प्रयत्न २०१७ मध्ये फसल्यावरही यांनी तो पुरा केला. देवळं, चित्रं, दुर्गेचं त्रिशूळ, आणि देखणा. नाशिकहून चार-पाच तासांवर बसून कुणीतरी असं काही करतंय, आणि इथे तो पाचशे रुपयांच्या डिस्कमध्ये चाळिसात एक. शिवाय प्रत जुनी. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, आमच्या डिस्कमधल्या राजीला त्याचा पत्ताच नाही. मुलाच्या आजीला तो हिंदीत बघायला आवडला असता, म्हणून विकत घेतला. आवडला. लढाया सुरू झाल्या की त्या उठून जातात, तो भाग वेगळा.

चोरीवर कंपन्यांनी जे इलाज काढले त्यांनी मात्र पैसे देणाऱ्यालाच सतावलं. २०१० मध्ये युबीसॉफ्टनं असॅसिन्स क्रीड २ ला सतत इंटरनेट लागेल असं केलं, त्यांचे सर्व्हर कोसळले आणि विकत घेतलेले लोक बाहेर ताटकळले. २०२१ मध्ये रेझिडेंट ईव्हिल व्हिलेजची क्रॅक केलेली प्रत विकतच्यापेक्षा सुरळीत चालते हे तज्ज्ञांनी मोजून दाखवलं, मग कॅपकॉमनं दुरुस्ती दिली. सगळ्यात भारी मॅक्स पेन २: रॉकस्टारनं २०१० मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर विकलेल्या प्रतीत एका क्रॅक टोळीचीच फाइल निघाली. स्वतःच्या घराची किल्ली चोराकडून मागून आणल्यासारखं.

तिसरा इलाज आपल्या पोरांच्या खिशाला लागलाय: गेमच फुकट द्या, तो सर्व्हरवर ठेवा आणि कपडे-बंदुका विका. त्यात चोरायला काही उरतच नाही. बीजीएमआय या मोबाइल गेममधल्या स्किनवर एका दिवाळीची ओवाळणी गेल्यावर मला पाचशेची डिस्क क्षणभर स्वस्त वाटली होती.

आता आम्ही स्टीम वापरतो. रेटिंग द्यायचं तर चार. २०१५ पासून तिथे रुपयांत किमती आहेत, यूपीआय चालतं, आणि सेलमध्ये जुने गेम बऱ्यापैकी स्वस्त पडतात. दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात. ही सोय ना त्या डिस्कला आहे ना गंगापूर रोडवरच्या कुठल्या साडीच्या दुकानाला. फॅमिली गटात सहा जण राहू शकतात आणि पालकांना खेळायच्या वेळेवर मर्यादा घालता येते. ती मी घातली आहे. तेव्हापासून घरात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोललं जातं. एक गुण कापला तो दोन गोष्टींसाठी: नवे मोठे गेम आजही चार-पाच हजारांपर्यंत जातात, जे अकरावीच्या पॉकेटमनीत बसत नाही, आणि तुम्ही विकत घेता तो गेम नव्हे, वापरायचा परवाना. कुलूपच नको असेल त्यांनी सीडी प्रोजेक्टनं सुरू केलेलं जीओजी हे ऑनलाइन दुकान बघावं, निवड कमी आहे.

कायद्याचंही सांगते, दुकानदार वाचत असतील तर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. आणि तुम्ही त्याचं बिल फाडताय!

या दुकानात जाणार असाल तर पीसी जरूर तिथेच बांधून घ्या. ऑर्डर देतानाच सांगा की विंडोजचा परवाना मी देणार, हार्डडिस्क कोरी हवी आणि ती पाचशेची ओळ नको. मालक कुरकुरत नाहीत, मैत्रिणीच्या बिलातून त्यांनी ती मुकाट काढली. दुपारी बाराच्या आत जा, नंतर दुचाकी लावायला जागा मिळत नाही, आणि मॉनिटर घरापर्यंत पोचवायचे ते वेगळे पैसे घेतात.