एफटीपी बंद करायचंय, पण त्याच्या जागी काय?

आंब्याचं पॅकिंग हाऊस असो की गावातला छापखाना, पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत) लावून दिलं आणि ते आजही चाललंय. चालतंय म्हणून कुणी हात लावत नाही. पण त्यात युजरनेम, पासवर्ड आणि फाइल, तिन्ही उघड्यावर जातात. वाटेत कान लावून बसलेल्याला सगळं वाचता येतं. १९७१ मध्ये अभय भूषण यांनी त्याचा पहिला मसुदा लिहिला, तेव्हा नेटवर्कवर मोजकीच आणि विश्वासातली माणसं होती. आता तसं नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं.

पर्याय मुख्यतः दोन. नावं सारखी वाटली तरी आतून अगदी वेगळे.

एफटीपीएस म्हणजे तेच जुनं एफटीपी, वर टीएलएसचं, म्हणजे मजकूर गुप्त ठेवणाऱ्या तंत्राचं, कवच. सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) लागतं, ते वेळच्या वेळी नवं करावं लागतं. खरी कटकट फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याची. प्रत्येक फाइलसाठी वेगळं पोर्ट (ये-जा करायचं क्रमांकाचं दार) उघडतं, आणि बोलणंच एन्क्रिप्ट (गुप्त) झाल्यामुळे कुठलं पोर्ट उघडायचं हे राउटरला कळत नाही. मग पोर्टांची अख्खी रांग उघडी ठेवायची. समोरची कंपनी हटूनच बसली असेल तर घ्या, आपणहून नको.

एसएफटीपी एसएसएचवर, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी गुप्तपणे जोडणाऱ्या पद्धतीवर, चालतं. पोर्ट एकच, २२. पासवर्डऐवजी ‘की’ (किल्लीचं काम करणारी फाइल) वापरता येते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट मोलाची: पावसात लाइट गेली, लाइन तुटली, तर विनएससीपी किंवा फाइलझिला यांसारखं फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर अर्धवट राहिलेली फाइल तिथूनच पुढे नेतं. मोठ्या डिझाइन फाइली मुंबईला पाठवणाऱ्याला याची किंमत कळेल. माझं मत सरळ याच्याच बाजूने. (एससीपी या एसएसएचवरच्याच जुन्या पद्धतीला तुटलेलं काम पुढे नेता येत नाही, २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० पासून तर तेही आतून एसएफटीपीच वापरतं.)

गिऱ्हाइकाला मोबाइलवर एखादीच फाइल द्यायची असेल, तर एचटीटीपीएसची (ब्राउझरात उघडणारी सुरक्षित) मुदतीची लिंक पुरे.

राहिला जुना झेरॉक्स-स्कॅनर, ज्याला एफटीपीशिवाय काही येत नाही. त्याला ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर फाइल टाकू दे, बाहेर पाठवायचं काम त्या कॉम्प्युटरने एसएफटीपीने करावं. एफटीपीचं पोर्ट २१ इंटरनेटवर उघडं नको.

बदल हापूसच्या हंगामात करू नका, जूननंतर निवांत करा. दोन्ही व्यवस्था थोडे दिवस शेजारी चालवल्या तरी हरकत नाही, पण बंद करायची तारीख आधीच ठरवा. जुने पासवर्ड नव्या ठिकाणी नेऊ नका, ते उघड्यावरून फिरलेले आहेत. तोच मेललाही असेल तर तिथलाही बदला. एसएफटीपी पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारी अक्षरांची रांग) दिसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावून तो ताडून घ्या, आणि पुढे कधी तो अचानक बदललेला दिसला तर ‘येस’ दाबण्याआधी पुन्हा फोन करा.