निवृत्तीची ठेव: सहकारी बँक की गृहकर्ज कंपनी?

कोल्हापुरात निवृत्तीची रक्कम हाती आली की बहुधा दोन पर्याय समोर येतात: पेठेतली नागरी सहकारी बँक किंवा थोडे जादा व्याज देणारी गृहकर्ज कंपनी. बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो, पण त्यावरच्या रकमेची शाश्वती नसते. गृहकर्ज कंपनीच्या ठेवीला हा विमाच नाही.

वीस वर्षांची कर्जे अल्पमुदतीच्या उसनवारीवर वाटणे, हा गृहकर्ज कंपन्यांच्या धंद्यातला मूळ धोका. सप्टेंबर 2018 मध्ये पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवल्यावर बाजारातला पैसा आटला आणि झपाट्याने वाढलेली डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी कोंडीत सापडली. पुढे कर्जवाटपातील गैरव्यवहारांचे आरोपही झाले. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले, 2021 मध्ये पिरामल समूहाने ती विकत घेतली, आणि मोठ्या ठेवीदारांच्या पदरी रकमेचा काही भागच पडला. (इंग्लंडमधली नॉर्दर्न रॉक ही गृहकर्ज देणारी बँक 2007 मध्ये याच उसनवारीने अडचणीत आली, पण तिथल्या ठेवींची हमी सरकारने घेतली.)

जादा व्याजाचा मोह समजण्यासारखा आहे. तरी माझा कौल बँकेलाच, तोही प्रत्येक बँकेत 5 लाखांच्या आत राहून.