टोलीडोजवळ घर-जमीन घेताना: ओहायोची टाउनशिप की मिशिगनची?

ओहायोच्या उत्तर सीमेवरच्या टोलीडो शहरात नोकरी, पण राहायला चार-पाच एकर मोकळी जागा हवी, असं ठरवलेल्यांपुढे दोन राज्यं असतात. रिचफिल्ड टाउनशिप ओहायोच्या लुकस काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), व्हाइटफर्ड मिशिगनच्या मनरो काउंटीत. मधली सीमा गाडीतून कळतही नाही. दोन्हीकडे मका-सोयाबीनची सपाट शेतं आणि काटकोनात छेदणारे रस्ते. पुण्याकडे टाउनशिप म्हणजे बिल्डरची वसाहत. इथे ती जमीनमोजणीतून आलेली स्थानिक स्वराज्य संस्था आहे. १७८५ च्या कायद्याने जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत मोजायचं ठरलं. एका चौकोनात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचं आणि सोळावं शाळेसाठी राखीव.

१८३५ मध्ये सीमेवरच्या याच पट्ट्यासाठी दोन्ही बाजूंची मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, समोरासमोर आली होती. टोलीडो ओहायोकडे राहिलं. मिशिगनला बदल्यात उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुला या द्वीपकल्पाचा मोठा भाग आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. मोजणी मात्र मिशिगनसाठी आखलेल्या उत्तर-दक्षिण आधाररेषेवरूनच (मिशिगन मेरिडियन) राहिली, त्यामुळे सीमेलगतच्या ओहायोतल्या खरेदीखतांत आजही त्या मोजणीचे आकडे दिसतात.

रोजच्या जगण्यात खरा फरक पडतो तो रस्त्याचा. ओहायोच्या टाउनशिपमध्ये तीन ट्रस्टी आणि एक हिशेब अधिकारी चार वर्षांसाठी निवडून येतात, आणि टाउनशिपचे रस्ते त्यांच्याच अखत्यारीत असतात. खड्डा पडला, बर्फ उचललं गेलं नाही, तर फोन थेट ट्रस्टीला करायचा. तो बहुधा त्याच रस्त्याने ये-जा करणारा असतो. मिशिगनमध्ये सुपरवायझर, क्लार्क, खजिनदार आणि दोन किंवा चार ट्रस्टी असं मंडळ असतं. ते कर गोळा करतं, निवडणुका घेतं, झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेचा वापर कशासाठी, ते ठरवतं. पण टाउनशिपचे रस्ते १९३१ च्या कायद्याने काउंटीकडे गेले. रस्त्याची तक्रार घेऊन टाउनशिप हॉलमध्ये गेलात तर काउंटीकडे जायला सांगतील. मला स्वतःला ओहायोची पद्धत जास्त आवडते, कारण जाब विचारायला माणूस जवळ असतो.

पाण्याचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. जमीन जुन्या हिमनदीकालीन तलावाच्या तळाची, पाणी सहज न जिरवणारी. म्हणून जागा मार्चमध्ये बघा. रस्त्याकडेचा चर काठोकाठ भरलेला असतो, शेताखालच्या पाइपाच्या तोंडातून गढूळ पाणी धो-धो पडत असतं आणि बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणारा संप पंप दर दोन-तीन मिनिटांनी चालू-बंद होत असतो. चरांची देखभाल ओहायोत काउंटी इंजिनिअर बघतो, मिशिगनमध्ये निवडून आलेला ड्रेन कमिशनर. खर्च दोन्हीकडे लाभक्षेत्रातल्या जमीनमालकांवर बसतो. पिण्याचं पाणी अनेक ठिकाणी स्वतःच्या विहिरीचं, सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये.

आता कर. टाउनशिपचा स्वतःचा आयकर कुठेच नाही. टोलीडोत काम करत असाल तर शहराचा २.५ टक्के कर कुठेही राहिलात तरी पगारातून कापला जातो. पगारावरचा राज्याचा कर मात्र, दोन राज्यांतल्या करारामुळे, राहता त्या राज्याला भरायचा. ओहायोत काही शाळा-जिल्हे रहिवाशांकडून वेगळा आयकर घेतात, आणि टाउनशिपची हद्द व शाळा-जिल्ह्याची हद्द जुळतेच असं नाही. म्हणून घराचा पत्ता घालून तपासा.

मालमत्ता करात मिशिगनचा एक नियम घर घेणाऱ्याला हमखास फसवतो. १९९५ पासून करपात्र मूल्य वर्षाला महागाई किंवा पाच टक्के, जे कमी असेल तेवढंच वाढतं. पण घर विकलं की पुढच्या वर्षी ते पुन्हा वर, बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जातं. तीस वर्षं तिथे राहिलेल्या आजोबांचं बिल बघून हिशेब मांडलात तर पुढच्याच वर्षी धक्का बसेल. ओहायोत कर बाजारमूल्याच्या ३५ टक्क्यांवर बसतो, दर सहा वर्षांनी फेरमूल्यांकन आणि मधल्या तिसऱ्या वर्षी सुधारणा होते.

पाच-सहा वर्षांत हलायचं असेल तर मी ओहायोच सुचवीन. मुलं मोठी होईपर्यंत तिथेच मुक्काम असेल तर मिशिगनची ती मर्यादा दरवर्षी तुमच्या बाजूने काम करत राहील. फक्त ऑफर देण्याआधी नव्या मूल्यावरचा कर आणि चराच्या देखभाल-खर्चाची थकबाकी लेखी मागून घ्या.