वाळूवरचा एक तास: कोर्ट झकास, फलक चुकीचा

पुण्यात घराजवळ बीच व्हॉलीबॉलसाठी तासावर मिळणारं वाळूचं कोर्ट आहे. गेले चार रविवार आम्ही चौघं तिथे जातोय. वाळू छान खोल, खडे नाहीत. सूर मारला तरी कोपर शाबूत. सीमारेषा म्हणून ताणलेल्या निळ्या पट्ट्या मात्र पाय अडकून सरकतात, मग आउट की इन यावर पाच मिनिटं जातात.

खरी गंमत नियमांच्या फलकाची. तो हॉलमधल्या व्हॉलीबॉलचा उचलून लावलाय! त्यावर लिहिलंय, ब्लॉकचा, म्हणजे जाळीवर हात उंचावून चेंडू अडवतानाचा, स्पर्श संघाच्या तीन स्पर्शांत मोजायचा नाही. दोघा-दोघांच्या बीच व्हॉलीबॉलमध्ये तो मोजतात. ब्लॉकनंतर दोनच स्पर्श उरतात. बोटांनी अलगद टिप मारून चेंडू पलीकडे टाकायचीही मुभा नाही, मूठ किंवा दुमडलेल्या बोटांची पेरं वापरायची. आमचा एक मित्र गावाकडे शूटिंग, म्हणजे मुठीने मारायचा व्हॉलीबॉल, खेळून वाढलेला, त्याला हे लगेच जमलं. मी अजून बोटंच पुढे करतो. मॅनेजरला फलकाचं सांगितलं तर म्हणाला, "काका, इथे सगळे असंच खेळतात."

जाळीची उंचीही मोजली, टेप घेऊनच गेलो होतो. पुरुषांसाठी २.४३ मीटर हवी, मध्ये चांगली चार बोटं झोळ. सांगितल्यावर पोऱ्याने लगेच ताणून दिली. सेट २१चा, दर सात गुणांनी बाजू बदलायची. संध्याकाळी ऊन एकाच बाजूच्या डोळ्यांत येतं तिथे हे फार बरं पडतं.

पाय धुवायला नळ एकच. पाच पैकी साडेतीन तारे.