६० एचआरसी खरी होती, रॉड खोटा होता

परवा माजलगावकडच्या एका फॅब्रिकेटरचा फोन आला. ओळख म्हणाल तर एका कारखान्याच्या स्टोअरबाहेर दोनदा सोबत चहा घेतला, एवढीच. म्हणाले, "भाऊ, एक जण आलाय. बिनक्रॅकचा हार्डफेसिंग रॉड दाखवायलाय. कानस लागंना बघा त्याला. शंभर किलो घ्या म्हणतोय, काय करू?"

हार्डफेसिंग रॉड म्हणजे झिजणाऱ्या लोखंडावर कडक थर चढवायची वेल्डिंगची कांडी. बिनक्रॅकचा हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात कालवलं. शब्द तोच, माणूसही बहुतेक तोच. त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय. लातूरहून तो बीडकडं सरकलाय, म्हणजे उद्या परभणी-जालन्यालाही जाणार.

माझं वर्कशॉप लातूरला एमआयडीसीत आहे. सोयाबीनच्या ऑइल मिलांचे एक्स्पेलर वर्म, खडी क्रशरचे जबडे, जेसीबीच्या बकेटचे दात आणि ऑफ-सीझनला साखर कारखान्यांची कामं. झिजलेला भाग यायचा, आम्ही तो भरायचा, वर कडक थर द्यायचा, परत पाठवायचा. बावीस वर्षं हेच चाललंय. नवखा होतो म्हणून फसलो, असं म्हणायची सोय नाही.

मागच्या ऑफ-सीझनला एका कारखान्याच्या श्रेडरचे साठ हॅमर भरायला आले. गव्हाणीतून आलेला ऊस हे हॅमर झोडपून त्याचा पिंजलेला चोथा करतात आणि मग तो मिलमध्ये जातो. उसाला माती लागलेली असते, वाळू असते, कधी दगड, कधी ट्रॉलीचा तुटलेला खिळा. मशिननं तोडलेला ऊस असेल तर माती विचारूच नका. हॅमरची कड झिजली की ऊस नीट पिंजत नाही आणि बगॅसमधून साखर बाहेर जायला लागते. म्हणून तिथं वरचा थर लागतो क्रोमियम कार्बाइडचा. पंचवीस-तीस टक्के क्रोमियम, चार टक्क्यांच्या आसपास कार्बन. स्वस्त माल नाही तो.

त्याच आठवड्यात हा माणूस आला. नीटनेटका, बोलण्यात प्रत्येक वाक्याला 'सर'. पायात सेफ्टी शूज, पण त्यांवर ठिणगीचा एक डाग नाही. हे मला नंतर आठवलं. पाकिटं चकचकीत, परदेशी वाटावं असं नाव आणि मोठ्या अक्षरांत 'यूएम ६०'. "सर, मी बोलणार नाही, रॉड बोलेल," म्हणाला. होल्डर स्वतः हातात घेतला आणि एका प्लेटच्या तुकड्यावर तीन वेण्या, म्हणजे वेल्डिंगच्या रेघा, टाकल्या. स्लॅग आपोआप उचलून आला. गार झाल्यावर ग्राइंडरनं माथा सपाट केला आणि मला कानस दिली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. मग बॅगेतून मोबाइलएवढं हार्डनेस टेस्टर काढलं. कडकी मोजायचं यंत्र, आकडा एचआरसीत, म्हणजे रॉकवेल सी मापात. ५८. ५९. पुन्हा ५९. "आणि एकही क्रॅक नाही सर. बाजारातले रॉड तडकतात, बघितलंय ना तुम्ही? हे नवीन तंत्रज्ञान आहे."

आमच्याकडं एक जुने वेल्डर आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. ते उकिडवे बसले, प्लेटवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मालक, हे तडकलं न्हाई." मी म्हणालो, "तेच तर सांगायलेत ते." चाचा काही बोलले नाहीत, विडी पेटवून बाहेर गेले. मला वाटलं कौतुक केलं. ते शंका घेत होते.

हीच गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथंच आहे. त्यानं दाखवलेली कडकी खरी होती. यंत्रात काही खोट नव्हती. ५९ म्हणजे ५९च. पण ५९ एचआरसी हे धातूचं नाव नाही. त्याच कडकीचे दोन अगदी वेगळे थर असू शकतात. एकात पाच-दहा टक्के क्रोमियम आणि अर्धा टक्का कार्बन असतो, पाणी दिलेल्या छिन्नीसारखं सगळं अंग एकसारखं कडक. दुसऱ्यात अंग तुलनेनं मऊ, पण त्यात क्रोमियम कार्बाइडचे बारीक खडे गच्च भरलेले. काँक्रीट आणि प्लास्टरमधला फरक समजा. टेस्टरचा ठोका दोन्हींवर सरासरी सांगतो, आतली खडी त्याला वेगळी दिसत नाही. वाळूच्या कणाला मात्र दिसते. वाळूतला क्वार्ट्ज विकर्सच्या, म्हणजे कडकीच्याच दुसऱ्या, मापात हजार-अकराशेच्या घरात, ६० एचआरसीचं एकसारखं पोलाद सातशेच्या आसपास, आणि क्रोमियम कार्बाइड दीड हजाराच्या वर. म्हणजे वाळू पहिल्याला ओरखडते आणि दुसऱ्यातल्या खड्यावर स्वतः बोथट होते.

आणि तडा. जास्त क्रोमियम, जास्त कार्बनचा थर गार होताना आकसतो, त्याला ताण सहन होत नाही, आणि वेणीला आडव्या बारीक चिरा पडतात, एक-दोन सेंटिमीटरवर एक. हा दोष नाही, त्या थराचा स्वभाव आहे. ताण तिथं मोकळा होतो. चीर वेणीच्या लांबीनं धावायला लागली किंवा खालच्या मूळ धातूत उतरली तर मात्र काळजी, कारण मग थर पापुद्र्यासारखा सुटतो. ६० च्या क्रोमियम कार्बाइडला एकही तडा नाही म्हणजे ते क्रोमियम कार्बाइड नाही, इतकं साधं होतं. मला हे माहीत नव्हतं का? होतं. बावीस वर्षं थर तडकतानाची ती टकटक ऐकतोय. पण समोरचा दोषालाच गुण म्हणून विकत होता आणि कानसीनं माझे डोळे बांधले होते.

डोळे बांधले म्हणतो, पण थोडे मी स्वतःही मिटले. भाव ७८० रुपये किलो होता. १२० किलो घेतले, त्यातले साठ किलो बिलावर आणि साठ कच्च्या पावतीवर. कच्च्यावर किलोमागं चाळीस रुपये सोडले म्हणून मी खूश. लोभ माझाच, दुसऱ्याच्या माथी कशाला मारू?

हॅमर भरून गेले. दसरा झाला, अग्निप्रदीपन झालं, मोळी पडली. बाराव्या दिवशी चीफ इंजिनिअर साहेबांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "या आणि बघून जा." श्रेडर उघडा होता. हॅमरच्या कडा गोल झाल्या होत्या, वापरून वापरून अंगाचा साबण व्हावा तशा. एकही तुकडा उडालेला नाही, कुठं भेग नाही. सगळं एकसारखं, गुळगुळीत झिजलेलं. साहेबांनी बोट फिरवून दाखवलं आणि एवढंच विचारलं, "काय लावलं होतं?"

परत येताना एक हॅमर गाडीत टाकून आणला. चाचांनी त्यावर ग्राइंडर लावला आणि मला म्हणाले, "ठिणगी बघा." लांब, पिवळी, टोकाला फुटणारी फुलबाजी. मग अडगळीतून पाच वर्षांपूर्वीचा खऱ्या मालाचा एक जुना स्क्रॅपर शोधून त्यावर लावला. ठिणगी आखूड, लालसर, जेमतेम वीतभर आणि मोजकी. दहा सेकंदांचं काम. ते मी रॉड घेताना, ऑगस्टमध्ये, केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

खात्री म्हणून जालन्याला नमुना पाठवला. सळईचे कारखाने आहेत तिथं, त्यामुळं स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, तपासून द्यायची सोय आहे. रिपोर्ट आला : कार्बन ०.५, क्रोमियम ७ टक्के. मी पैसे मोजले होते २८ टक्क्यांचे.

आता पाकिटाकडं नीट बघितलं. हार्डफेसिंगच्या रॉडवर अजूनही जुन्या जर्मन डीआयएन ८५५५ चा कोड छापतात. नंतर ईएन १४७०० आलं तरी बाजाराच्या तोंडी जुनाच बसलाय. त्यात ई-१०-यूएम-६० म्हणजे जास्त कार्बन-जास्त क्रोमियमचा गट, आणि ई-६-यूएम-६० म्हणजे कमी क्रोमियमचा, एकसारखा कडक होणारा गट. शेवटचे ६० दोन्हीकडं तेच, ती फक्त कडकी. धातू कोणता ते पहिला आकडा सांगतो. त्या रॉडवाल्याच्या पाकिटावर तो पहिला आकडाच नव्हता, नुसतं 'यूएम ६०'. खोटं असं काहीच छापलेलं नव्हतं, बरं का.

दुसरी खूण रॉडच्या अंगावरच होती. अशा बहुतेक रॉडची तार साध्या पोलादाची असते, मिश्रधातू सगळा वरच्या लेपात. तीस टक्के क्रोमियम लेपातून यायचं तर लेप जाड हवा. ४ मिलिमीटरचा खरा रॉड हातात करंगळीसारखा लागतो. याचा लेप साध्या ७०१८ पेक्षा, म्हणजे नेहमीच्या वेल्डिंग रॉडपेक्षा, थोडासाच जाड होता. पोकळ तारेत पावडर भरलेलेही रॉड येतात, त्यांचं गणित वेगळं. पण हा भरीव तारेचा होता.

टेस्ट सर्टिफिकेट दिलं होतं, झेरॉक्स. त्यावर बॅच नंबर नाही, आणि पाकिटावर होता तो सगळ्या पाकिटांवर एकच. सर्टिफिकेट आणि पाकीट यांची गाठच कुठं पडत नव्हती.

आमच्या ओळखीच्या एका क्रशरवाल्यालाही त्यानंच गाठलं होतं, हे नंतर कळलं. त्याला सांगितलं, "हाच रॉड जबड्यालाही चालतो, आधी गॅसनं चांगला लाल करून घ्या." आता जबडा असतो मँगनीज पोलादाचा. १८८२ साली रॉबर्ट हॅडफिल्डनं काढलेलं पोलाद, १२-१३ टक्के मँगनीज, चुंबक न चिकटणारं, आणि दगडाचा मार खाईल तसतसं वरून कडक होणारं. त्याचं पथ्य नेमकं उलटं. ते तापवायचं नाही. काम करताना अंग अडीचशे डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही, तुकड्या-तुकड्यानं भरायचं, मधे थांबायचं. जास्त तापलं की आत कार्बाइड सुटून ते ठिसूळ होतं. भरायला मँगनीजचाच रॉड, नाहीतर आधी ऑस्टेनिटिक स्टेनलेसचा थर. साधा मिश्रधातूचा रॉड थेट मारला तर जोडावर ठिसूळ रेघ तयार होते. त्या क्रशरवाल्याचा थर आठ दिवसांत पापडासारखा निघाला आणि जबड्याला मधोमध भेग गेली. एकच रॉड हॅमरला, जबड्याला, वर्मला, सगळ्याला चालतो असं कुणी म्हणालं तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

माझं नुकसान सांगतो. रॉडचे पैसे गेलेच. साठ हॅमर हंगामात, कारखान्याच्या सोयीनं रात्री-अपरात्री वीस-वीसच्या लॉटनं स्वखर्चानं परत भरून दिले. बिलातून एक लाख चाळीस हजार कापले गेले. त्या माणसाचा नंबर बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली, म्हणजे इनपुट क्रेडिटही, भरलेल्या जीएसटीची वजावट, बोंबललं. पोलीस ठाण्यात गेलो. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, तेवढं मी वाचून गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, "माल तुम्ही बघून घेतला, वापरला, कडकी बरोबर निघाली म्हणता, मग फसवलं काय?" अर्ज ठेवून घेतला. वकिलांनी सांगितलं, ग्राहक आयोगात जमणार नाही, धंद्यासाठी घेतलेला माल आहे. आणि अर्धा माल कच्च्या पावतीवर. वकील त्यावर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

हॅमर दुसऱ्यांदा भरले तेव्हा आधी ७०१८ नं अंग भरलं आणि वर खऱ्या रॉडचे दोनच थर दिले. पहिल्या थरात खालचं लोखंड मिसळतं, पाव हिस्सा तरी, म्हणून एका थरावर तपासणी करू नका. कंपनीची कडकी बहुधा तीन थरांवरची असते. आणि तीनच्या वर जायचं नाही, सुटतो. काम झाल्यावर सगळे चहाला बसलो आणि मागं हॅमर निवायला लागले. टक्... टक्... उन्हाळ्यात संध्याकाळी पत्र्याचं शेड निवताना वाजतं तसं. ते हॅमर मग वेळेत टिकले.

माजलगावच्या भाऊंना फोनवर म्हणालो, त्याला बसवून ठेवा आणि त्याच्यासमोर दोन थर टाकून ग्राइंडर लावा, ठिणगीचा व्हिडिओ मला पाठवा. दुसरं, त्याच तुकड्यावर गॅस कटर धरा. खरा थर गॅसनं धड कापला जात नाही, फरफटतो. सरळ कापला गेला तर समजा. तिसरं, पाकिटावरचा पूर्ण कोड आणि बॅच नंबर, आणि त्याच बॅचचं सर्टिफिकेट. व्हिडिओ काही आला नाही. तासाभरानं त्यांचा मेसेज आला : ग्राइंडर आणायला पोरगं आत गेलं, तेवढ्यात त्या रॉडवाल्याला अर्जंट फोन आला.

माझ्याकडं त्यातली चौदा किलो उरलीत. माल वाईट नाही, खरं सांगायचं तर. धक्के खाणाऱ्या कामाला हा थर चांगला, तडकत नाही, जेसीबीच्या दाताला मस्त टिकतो. फक्त तो २९० रुपये किलोनं मिळतो. चाचांनी त्या पाकिटांवरचं छापील नाव मार्करनं खोडलं आणि मोठ्या अक्षरांत 'बकेट' लिहून ठेवलंय.