शाळेची खरेदी: बाटली स्टीलची की प्लॅस्टिकची, रेनकोट की छत्री?

जूनचा पहिला आठवडा लागला की लातूरच्या गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नसते. सोळा रस्ते त्या गोलाला येऊन मिळतात आणि त्या दिवसांत सगळ्याच रस्त्यांनी आई-बाप येत असतात. एका हातात यादी, दुसऱ्या हातात लेकरू, आणि लेकराचं बोट कार्टूनच्या बाटलीकडं. माझी दोन आहेत. थोरली चौथीत, धाकटा यंदा पहिलीत. इतक्या जूनमध्ये मी बऱ्याच वस्तू चुकीच्या घेतल्या आणि दिवाळीच्या आत पुन्हा घेतल्या. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय.

वस्तू हातात घेतली की मी आता दोनच गोष्टी बघते. लेकराला ती एकट्यानं उघडता-लावता येते का? आणि मोडली तर आपल्या गावात नीट होते का? भाव त्यानंतर.

पाण्याची बाटली

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते बघितलेल्या गावाला पाण्याचं मोल सांगायला नको. तरी लेकरांच्या बाटल्या आपण रंग बघून घेतो. मागच्या वर्षी मी तीन रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवल्या. दुकानदार म्हणाले, "ताई, रिकामं काय मोजायलाव?" पण रिकाम्याचंच वजन बघायचं होतं. तिन्ही बाटल्या अर्ध्या लिटरच्या.

| बाटली | रिकामी (सुमारे) | बरं काय | वाईट काय |
|---|---|---|---|
| प्लॅस्टिक | ९० ग्रॅम | हलकी, स्वस्त | उन्हात वास, चरे पडतात |
| साधी स्टील | १५० ग्रॅम | टिकते, घासायला सोपी | गार पाणी भरलं की बाहेरून घाम |
| दुहेरी भिंतीची स्टील | २९० ग्रॅम | पाणी गार राहतं | जड, महाग, झाकण घट्ट |

केंद्राच्या २०२०च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचं वजन लेकराच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो. माझा धाकटा १८ किलोचा, म्हणजे त्याच्या वाट्याला १ किलो ८०० ग्रॅम. दुहेरी भिंतीची बाटली भरली की ७९० ग्रॅम होते. पुस्तकं जायच्या आधीच निम्म्याच्या जवळ हिशेब संपला.

मग ती बाटली घ्यायचीच नाही का? घ्या, पण शाळेची वेळ बघून. दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळं बाहेरचं ऊन आत पोचत नाही आणि माठातलं पाणी दुपारपर्यंत गार राहतं. लेकरू दुपारी व्हॅनमध्ये बसून परत येत असेल तर मार्च-एप्रिलमध्ये ही बाटली खरंच कामाला येते. पण उन्हाळ्यात सकाळची शाळा असेल आणि उन्हं तापायच्या आत लेकरू घरी येत असेल, तर साधी स्टीलची पुरते. थोरलीला साधीच आहे. घामाचा उपाय म्हणून आत्याबाईंनी जुन्या ओढणीची पिशवी शिवून दिली. ती नव्हती तेव्हा परिसर अभ्यासाची वही दोनदा भिजून फुगली होती.

दुकानात चुंबकाचा खेळ होतो, त्याला फसू नका. दुकानदार बाटलीला चुंबक लावतो, चिकटलं नाही की म्हणतो, "बघा, असली ३०४ आहे." ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं स्टील. पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या स्वस्त २०२ लाही चुंबक बहुतेक चिकटत नाही. म्हणजे त्या खेळातून काहीच सिद्ध होत नाही. बाटलीवर ठसा बघा, आयएसआय चिन्ह बघा.

प्लॅस्टिकचीच घ्यायची तर तळाशी त्रिकोणातला आकडा बघा. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, रोजच्या वापराला ठीक. १ आकड्याची, म्हणजे विकतच्या पाण्याची बाटली, पुन्हा पुन्हा भरायला नसते. तांब्याच्या बाटलीचं फॅड आमच्या जाऊबाईंकडंही आलं होतं. नुसतं पाणी भरणार असाल तर भरा, पण लेकरं त्यात लिंबू सरबत नाहीतर ताक भरून नेतात आणि आंबट पदार्थात तांबं उतरतं. शाळेसाठी माझं मत नाहीच.

नळीची बाटली लेकरांना फार आवडते, पण नळीच्या आत बुरशी धरते. काळी रेघ दिसली की नळी फेकायची. बारीक ब्रश मिळत नसेल तर ती बाटली घेऊच नका. झाकणाच्या रबरी रिंगेचंही तेच. चमच्याच्या दांड्यानं ती दर रविवारी उचकटून काढा, खाली काय साठलंय ते बघून पुढचा रविवार आपोआप लक्षात राहील. बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर बसतो. चमचाभर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून तासभर ठेवलं की स्टीलवरचा निघतो.

डबा

लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्याच्या हिशेबानं. तिथं डब्यापेक्षा ताटली नि चमच्याची सोय बघा, बऱ्याच शाळांत ताटली घरूनच न्यावी लागते. बाकीच्यांनी पुढं वाचा.

धाकटा बालवाडीत होता तेव्हा मी त्याला चार बाजूंनी क्लिपा असलेला, आत रबर असलेला स्टीलचा डबा घेतला. दिसायला झकास, सांडायची भीती नाही. पहिले तीन दिवस डबा जसाच्या तसा परत आला. धपाटे तसेच, दही तसंच. मला वाटलं नखरे करतोय. चौथ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "उघडत नाही." मी क्लिप त्याच्यासमोर धरली. त्यानं दोन्ही अंगठे लावले, दात लावले, तोंड लाल झालं, क्लिप जागची हलली नाही. तीन दिवस लेकरू उपाशी बसलं आणि मी त्याच्यावर चिडत होते.

तेव्हापासून दुकानातच, पैसे द्यायच्या आधी, त्याच्या हातात डबा देते. "उघड बरं." तीनदा उघडला, तीनदा लावला, तरच पिशवीत. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू दे.

प्लॅस्टिकचा डबा उघडायला सोपा असतो हे मान्य, पण आपल्या खाण्याला तो पुरा पडत नाही. हळदीचं पिवळं आणि तिखटाचं लाल आठवड्यात बसतं, तेलाचा वास जात नाही. मुरमुऱ्यांचा गरम सुशीला तर त्यात भरूच नये. दाबून बसणाऱ्या साध्या झाकणाचा स्टीलचा डबा आणि सोबत फिरकीच्या झाकणाची छोटी डबी, हेच मला पटलंय. कोरडं डब्यात, दही नाहीतर शेंगदाण्याची ओलसर चटणी डबीत. फिरकी सहा वर्षांच्या लेकराला जमते, क्लिप जमत नाही. गरम राहणारे डबे मी पहिली-दुसरीला घेणार नाही. जड असतात, आणि वाफेनं धपाटं ओलं होऊन चिवट लागतं. धपाटे ताटात पसरून निवू द्या, मगच झाकण लावा.

दप्तर

तीन प्रकार समोर येतात. पुढं फुगीर कार्टून असलेलं, चाकांचं, आणि साधं सपाट. कार्टूनचं दप्तर रिकामंच जड असतं आणि तो फुगवटा पावसाळ्यानंतर सोलतो. चाकांचं दप्तर गुळगुळीत फरशीवर छान चालतं. आपल्याकडं व्हॅन थांबते तिथून फाटकापर्यंत मुरूम, त्याच्यापुढं चिखल. काळी माती चाकात बसली की ते दप्तर ओढायचं नाही, उचलायचं असतं, आणि ते साध्यापेक्षा जड असतं. घेऊ नका.

साध्यात तीन गोष्टी बघा. पट्टे रुंद, आत गादी असलेले आणि दोन्ही खांद्यांवर येणारे. बाटलीचा कप्पा जाळीचा नको, कापडाचा हवा, जाळी पोळ्याच्या आत फाटते. तिसरं म्हणजे चेन. जाड दात्याची चेन लेकराला ओढता येते आणि बिघडली तर चप्पल-दप्तर शिवणारे कारागीर रनर बदलून देतात, नवं दप्तर घ्यावं लागत नाही. बारीक चेनीचा रनर लवकर मिळत नाही. थोरलीचं तिसरं वर्ष त्याच दप्तरावर चाललंय, रनर एकदा बदलला.

रेनकोट की छत्री

मुंबई-कोकणातली खरेदीची यादी डोळे झाकून उतरवू नका. तिकडं पाऊस दिवसेंदिवस लागून राहतो. मराठवाड्यात वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही सलग नाही. मृगात बरसतो, मग दोन-तीन आठवडे दडी मारतो, आणि परतीचा येतो तेव्हा झोडपून काढतो. बरेचदा सकाळ कोरडी असते नि शाळा सुटायच्या वेळेला आभाळ भरून येतं. म्हणजे वस्तू रोज दप्तरात राहणार, वापर क्वचित. मग हलकी हवी.

छत्री लहान लेकराला नकोच. वाऱ्यात उलटते, आणि सुटीची घंटा झाली की वर्गातच राहते. जाड रेनकोट अंगात घातला की घामानं आतून भिजतो आणि दप्तर बाहेर राहतं. पायी किंवा व्हॅननं जाणाऱ्यासाठी डोक्यावरून घालायचा पोंचो मला सगळ्यात बरा वाटला, दप्तरासकट झाकतो, घडी हातरुमालाएवढी. सायकल चालवणाऱ्याला मात्र पोंचो देऊ नका, चाकात अडकतो. त्याला रेनकोटच.

विजांचं वेगळं सांगते. मोबाईलवर दामिनी ॲप घेऊन ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलंय, आसपास वीज पडायचा इशारा देतं. आणि कडकडाट सुरू झाला की झाडाखाली थांबायचं नाही हे लेकराला जून लागायच्या आधीच पाठ करून घ्या.

बूट आणि गणवेश

बूट वाढत्या मापाचे घ्यायची आपली खोड आहे. पुढं अंगठ्याएवढी जागा पुरे, त्यापेक्षा मोठ्या बुटात लेकरू धडपडतं. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पहिली-दुसरीला चिकटपट्टीचे, नाड्या तिसरीपासून. चिकटपट्टीत चिखल वाळून बसला की ती धरत नाही, जुन्या दातब्रशनं कोरडी घासायची. काळ्या मातीचा बूट ओला असताना धुऊ नका. वाळू द्या, मग आपटला की ढेपळं पडतात. पाणीही वाचतं.

गणवेशात सुती की टेरिकॉट हा वाद घरोघरी आहे. उन्हाला सुती बरा. पण टँकरच्या दिवसांत कमी पाण्यात निघणारा, लवकर वाळणारा नि इस्त्री न मागणारा टेरिकॉटच सोयीचा पडतो. मी मिश्र कापडाचे दोन जोड शिवून घेते, खाली चार बोटं दुमड ठेवून. गणवेश मात्र वाढत्या अंगाचाच, इथं आत्याबाईंचं बरोबर आहे. समग्र शिक्षा योजनेत बसणाऱ्या शाळेत असाल तर दोन जोड आणि पुस्तकं मिळतात, आधी शाळेत विचारा, मग दुकानात जा.

कव्हर आणि नाव

कव्हराला खाकी कागद. प्लॅस्टिकचं दिसतं चकचकीत पण निसटतं, आणि शाळेत कुणाचं कुठलं ते कळत नाही. संपला विषय.

नावासाठी मार्कर दोन आठवडे टिकतो, स्टिकर पहिल्या धुण्यात जातो. गोलाईतल्या भांड्याच्या दुकानात ताटावर नाव घालतात ना, तीच विजेची पेन्सिल बाटलीवरही चालते. टर्रर्र आवाज सुरू झाला की धाकटा कानावर हात ठेवतो आणि डोळे मात्र त्या टोकावरून हलवत नाही. दुहेरी भिंतीच्या बाटलीवर नाव खांद्याजवळ घाला, तळाशी नको. बऱ्याच बाटल्यांत हवा काढून तळाशीच बंद केलेलं असतं.

नाव घालूनही थोरलीची बाटली गेल्या वर्षी हरवली आणि तिच्या दप्तरातून दुसऱ्याच कुणाची तरी निळी बाटली घरी आली. तिच्यावर नाव नाही. वर्गात दाखवली, व्हॅनवाल्या काकांना दाखवली, कुणी माझी म्हणालं नाही. सध्या ती आमच्या फडताळात आहे आणि तिच्यात मी तूरडाळ भरलीय.